जुनी फोर बाय फोर घेताना आधी खाली वाका

फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी. तिचा रंग, सीट नंतर बघा. आधी गाडीखाली शिरून चॅसीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आतून गंजलीय. ताजा काळा रंग फासलेला दिसला तर संशय दुप्पट. मग डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा) फिलर प्लग, म्हणजे तेल भरायचं बूच, उघडून तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बहुधा ब्रीदरमधून, म्हणजे त्या डब्याच्या हवा सोडायच्या छिद्रातून. बेअरिंगचं आयुष्य संपत आलंय समजा.

फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा सगळ्यात हळू पण ताकदीचा गिअर, टाकून मातीवरच चालवा. पार्ट-टाइम सिस्टीम (गरजेपुरतीच चारही चाकं जोडणारी) डांबरावर वळवली की पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात, चांगली गाडीही अडखळते. फोर-लोचा लिव्हर आपोआप सुटला तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) काम निघणार. आणि इंजिन थंड असतानाच सुरू करा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी सरळ सोडावी, थंड इंजिनाच्या तक्रारी त्यात लपतात.