वसईच्या जहाजाच्या मागावर मोम्बासाला

1681 साली वसईत बांधलेलं एक पोर्तुगीज जहाज 1697 मध्ये मोम्बासाच्या किल्ल्यासमोर बुडालं. त्याचं नाव सांतो अँतोनियो द तान्ना. तान्ना म्हणजे आपलं ठाणं! वसईच्या किल्ल्यात मी लहानपणापासून हिंडतेय, पण ही गोष्ट कळली ती चाळिशी उलटल्यावर. त्या जहाजातून वर काढलेल्या वस्तू मोम्बासाच्या फोर्ट जीझस संग्रहालयात आहेत असं वाचलं आणि केनियाला जायचं ठरलं. सफारी नको, फक्त संग्रहालयं आणि जुन्या वास्तू बघायच्या होत्या.

केनियाला 2024 च्या जानेवारीपासून व्हिसा नाही, ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो. त्याला ईटीए म्हणतात. पासपोर्ट, फोटो, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग अपलोड करायचं. मी घाईत समोर आली ती वेबसाइट उघडून अर्ज भरला. ती खाजगी एजंटची निघाली आणि सरकारी फीच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. वेबसाइटचा पत्ता 'गो डॉट केई'नं संपतोय ना, हे आधी बघा.

दुसरी गोष्ट यलो फिव्हरच्या लशीची. भारतातून जाणाऱ्याला केनियात उतरताना ती विचारत नाहीत, म्हणून बरेच जण ती घेतच नाहीत. पण परत येताना आपल्याच विमानतळावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, आधी नंबर लावावा लागतो आणि कार्ड लागू होतं दहा दिवसांनी. हे काम सगळ्यात आधी उरका. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे 2017 पासून बंदी आहे, त्यामुळे दशम्या मी सुती फडक्यात बांधून नेल्या.

नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पहिल्याच दिवशी अडले. तिकीट रोखीनं मिळत नाही, सरकारी पोर्टलवर पैसे भरावे लागतात. नागरिकांचा दर वेगळा, परदेशी पाहुण्यांचा वेगळा आणि बराच जास्त. माझ्या कार्डाचा ओटीपी भारतातल्या नंबरवर जात होता आणि रोमिंग मी घेतलंच नव्हतं. अर्धा तास फाटकाशी उभी होते. शेवटी तिथल्या रखवालदारानं शांतपणे सांगितलं, "मामा, एम-पेसा घ्या." स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि माझ्या वयाच्या बाईला सगळे असंच आदरानं हाक मारतात. एम-पेसा म्हणजे तिथली मोबाइलवरून पैसे भरायची सोय. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतलं, त्यावर एम-पेसा सुरू केलं आणि पुढचा सगळा प्रवास त्याच्यावर झाला. उतरल्या उतरल्या विमानतळावरच हे करून घ्या.

आत तुर्काना बॉय पाहिला. कमोया किमेउ यांना 1984 मध्ये तुर्काना सरोवराजवळ सापडलेला, सुमारे 16 लाख वर्षांपूर्वीच्या मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा. मंद उजेडाच्या त्या खोलीत शाळेची पोरं शिरली आणि आपोआप गप्प झाली.

मोम्बासाला रेल्वेनं गेले. स्टेशनवर सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर ओळीनं मांडायला लावतात, आपण मागे सरायचं आणि कुत्री वास घेत जातात. त्यासाठी तासभर आधी पोहोचलेलं बरं. वाटेत त्सावोच्या लाल मातीत लोळून तांबडे झालेले हत्ती खिडकीतूनच दिसले.

फोर्ट जीझस 1593 ते 1596 या काळात बांधला गेला. तो आखणारा काइराती इटालियन होता, पण पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या अमलाचा मुख्य स्थापत्यकार. भिंतीला हात लावला तर खरखरीत लागतो, कारण दगड पोवळ्याचा आहे. जवळून पाहिलं की दगडात पोवळ्याच्या चांदण्या अगदी स्पष्ट दिसतात. 1696 मध्ये ओमानी अरबांनी या किल्ल्याला वेढा घातला तो जवळजवळ तेहेतीस महिने चालला. वेढ्यात अडकलेल्यांना मदत घेऊन गोव्याहून आलेलं आपलं जहाज इथेच बुडालं, आणि 1698 च्या डिसेंबरात किल्लाही पडला. 1977 ते 1980 या काळात पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी ते खणलं.

काचेमागच्या त्या वस्तूंपुढे मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. मातीची भांडी, चिनी मातीचे तुकडे. खालच्या पाटीवर जहाज कुठे बांधलं ते लिहिलेलं, पोर्तुगीजांच्या वळणानं: बसाईन. माझं गाव! ज्या सुतारांनी ते उभं केलं त्यांची नावं कुठेच नाहीत. ते माझ्याच खाडीकाठचे असणार, आणि त्या काचेपुढे मला त्यांचीच आठवण येत राहिली.

दुसऱ्या दिवशी मालिंदीच्या वाटेवरच्या गेदीला गेले. मटाटूनं, म्हणजे तिथल्या वडापनं, साधारण दोन तास. जंगलात दडलेलं हे स्वाहिली शहर सतराव्या शतकात ओस पडलं आणि 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. उत्खननात सापडलेल्या वस्तूंवरून घरांना नावं दिलीत: चिनी नाण्यांचं घर, कात्रीचं घर, लोखंडी दिव्याचं घर. एका थडग्यावर हिजरी सन कोरलाय, तो म्हणजे आपलं इसवी सन 1399. गाइड फाटकावरच ठरवा. त्याच्याशिवाय त्या भिंती म्हणजे नुसते दगड. खाण्याचा डबा मात्र उघडू नका, माकडं टपलेली असतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फोर्ट जीझसला गेले. तिकीट परत काढावं लागलं, काढलं. आदल्या वेळचाच गाइड भेटला. मोबाइलमधले वसईच्या किल्ल्याचे फोटो त्याला दाखवले. त्यानं एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "हाही पोवळ्याचा?" मी म्हटलं, नाही, आमचा काळ्या दगडाचा. मग तो मला तटावर घेऊन गेला आणि खालच्या पाण्यात बोट करून म्हणाला, "मामा, तुमचं जहाज तिथे आहे."