गरमीच्या रुग्णाची दुसरी भेट : नागपुरात सिफिलिसवर प्रबंध करताना

सिफिलिसच्या (गरमी या गुप्तरोगाच्या) अभ्यासात पहिलं रक्त सहज मिळतं. सहा महिन्यांनी त्याच माणसाचं दुसरं रक्त मिळवणं हे खरं काम. नागपुरात त्वचा व गुप्तरोग विभागात एमडीच्या प्रबंधासाठी मी बेन्झाथिन पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर आरपीआरचं (सिफिलिसच्या रक्ततपासणीचं) टायटर, म्हणजे रक्त जितकं पातळ करूनही टेस्ट पॉझिटिव्ह येते तो आकडा, किती उतरतं ते मोजलं. विषय ठरवण्यापासून शेवटच्या नळीपर्यंत जे करावं लागतं, ते इथे लिहिते.

आधी महिन्यांचा हिशेब. एमडी ३६ महिन्यांची. प्रबंध परीक्षेच्या ६ महिने आधी द्यावा लागतो. ६ महिने फॉलोअप, २ महिने विश्लेषण आणि सुरुवातीचे ६ महिने सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) व एथिक्स कमिटीत गेले, तर रुग्ण घ्यायला उरतात १६ महिने. एक वर्षाचा फॉलोअप यात बसवायचा तर नोंदणीला जेमतेम १० महिने राहतात, म्हणून तो मोह मी टाळला.

मग सॅम्पल साइझ. ८० टक्के रुग्णांमध्ये टायटर उतरेल असं धरलं आणि १० टक्के चूक चालवून घेतली, तर ३.८४ (९५ टक्के खात्रीचा ठरलेला आकडा) × ०.८ × ०.२ भागिले ०.०१, म्हणजे ६२. गळती (मध्येच यायचे थांबणारे रुग्ण) ३० टक्के धरली तर ६२ मध्ये ३० टक्के मिळवायचे नाहीत, ६२ ला ०.७ ने भागायचं. उत्तर ८१ नव्हे, ८९ येतं. ही चूक सिनॉप्सिसमध्ये फार दिसते आणि ती शेवटी महागात पडते. ८९ रुग्ण १६ महिन्यांत म्हणजे महिन्याला साडेपाच ते सहा. तेवढे आपल्या ओपीडीत येतात का, हे मागच्या दोन वर्षांच्या रजिस्टरमधून आधी मोजून घ्यावं. येत नसतील तर विषयच बदलावा.

सिनॉप्सिस नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे जातो, प्रस्ताव संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे. कमिटी २०१७ च्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाहते, आणि या विषयात तिचे प्रश्न तीन ठिकाणी अडतात. पहिलं वय : मी १८ वर्षांखालचे रुग्ण घेतले नाहीत, कारण तिथे २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो आणि माहिती पोलिसांना देणं बंधनकारक असतं. अशा मुलांना उपचार द्यायचेच असतात, पण अभ्यासाच्या संमतीपत्रात गोपनीयतेचं वचन देता येत नाही. दुसरं एचआयव्ही तपासणी : २०१७ च्या कायद्याप्रमाणे तिची संमती वेगळी आणि समुपदेशन आधी. रुग्णाला आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) नुसतं पाठवू नये, सोबत कोणीतरी जावं, नाहीतर तो वाटेतूनच घरी जातो. तिसरं, संमतीपत्राची प्रत.

या प्रतीबद्दल जरा थांबून सांगते. नियमाप्रमाणे एक प्रत रुग्णाला द्यायची असते. पण वर ठळक अक्षरात ‘लैंगिक आजारांचा अभ्यास’ लिहिलेला कागद घरी खिशात सापडला, तर त्या माणसाचं आणि विशेषतः बाईचं काय होईल याचा विचार आपणच करायचा. मी मथळा साधा ठेवला, आजाराचं नाव आतल्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं, आणि ‘माझी प्रत दवाखान्यातच ठेवावी’ असा चौकटीचा पर्याय दिला. कमिटीने मान्य केला. मराठीसोबत हिंदी पत्रही लागतंच, कारण नागपूरच्या ओपीडीत छिंदवाडा, सिवनी, बालाघाटहून रुग्ण येतात. सीटीआरआयवर (वैद्यकीय अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी मोफत आहे, पण पहिला रुग्ण घेण्याआधी नंबर हातात हवा.

आता शब्द. विदर्भात गरमी म्हणजे सिफिलिसही आणि शरीरातली उष्णताही. मे महिन्यात पारा ४५ ला असताना ‘गरमीनं फोड आला’ असं सांगणारा माणूस कोणती गरमी म्हणतोय हे विचारल्याशिवाय कळत नाही. प्रश्नावलीत ‘आधी गरमी झाली होती का’ असा प्रश्न ठेवला तर उत्तर निरुपयोगी. ‘लघवीच्या जागी न दुखणारी जखम कधी झाली होती का, ती आपोआप भरली का’ असं विचारावं. मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांची पट्टी मागून पाहावी. आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर जखमेच्या स्रावात डार्क ग्राउंड मायक्रोस्कोपखाली जंतू दिसत नाहीत. तो स्राव घेताना जखम सलाइनच्या गॉजने पुसून मग हलकं दाबायचं, रक्त नको, नितळ द्रव हवा, आणि स्लाइड तिथल्या तिथे पाहायची.

रक्त पेनिसिलिन देण्याच्या दिवशीच घ्यावं. आठवडाभर आधीचा रिपोर्ट बेसलाइन धरू नये, तेवढ्यात टायटर चढलेलं असू शकतं आणि मग पुढची सगळी तुलना बिघडते.

आरपीआर सोपी टेस्ट दिसते, म्हणूनच ती बिघडते. कार्डावरच्या १८ मिमीच्या वर्तुळात ५० मायक्रोलिटर सीरम (रक्ताचा वरचा नितळ भाग), त्यावर अँटिजेनचा (कोळशाचे कण असलेल्या टेस्टच्या द्रावणाचा) एक थेंब, मिनिटाला १०० फेऱ्यांवर ८ मिनिटं रोटेटर. कण गोळा झाले तर पॉझिटिव्ह. थेंब काढणाऱ्या सुईतून एका मिलिलिटरमध्ये ६० थेंब पडले पाहिजेत, दोन कमी-जास्त चालतात. सुई वाकली किंवा कोरडी पडली की थेंबाचं माप बदलतं, म्हणून मोजून पाहावं. खोलीचं तापमान २३ ते २९ अंश हवं. इथे नागपूर आडवं येतं. उन्हाळ्यात खोली तापली की टेस्ट जास्त संवेदनशील होते, डिसेंबरच्या सकाळी कमी. कूलरचा झोत कार्डावर आला तर सीरम कडेने सुकतं आणि कण उगाच गोळा झाल्यासारखे दिसतात. एसीची खोली, भिंतीवर थर्मामीटर आणि रोटेटरवर ओलसर झाकण, एवढं मागून घ्यावंच. अँटिजेन फ्रिजमधून काढून लगेच वापरू नये. अंगभर चट्टे आणि तरी आरपीआर निगेटिव्ह, असं दिसलं तर प्रोझोन आठवावा : अँटिबॉडी इतक्या जास्त की कण जुळतच नाहीत. सीरम १:१६ पर्यंत पातळ करून पुन्हा लावलं की उत्तर मिळतं. पॉझिटिव्हची खात्री टीपीएचए या दुसऱ्या रक्ततपासणीने.

पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं, खोल स्नायूत. आधी सेन्सिटिव्हिटी टेस्ट, अ‍ॅड्रिनालिन भरायला तयार, नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. औषध विरघळत नाही, तरंगत राहतं. बारीक सुई किंवा रेंगाळणारा हात असला की सुई चोंदते आणि अर्धा डोस सिरिंजमध्येच राहतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १५ दिवस. त्यांचा गट वेगळा ठेवला.

पहिल्या २४ तासांत ताप, थंडी, डोकेदुखी, चट्टे उठून दिसणं असं होऊ शकतं. जंतू एकदम मरतात त्याची ही प्रतिक्रिया, अ‍ॅलर्जी नव्हे. हे इंजेक्शनच्या आधी सांगितलं नाही तर ‘इंजेक्शन मानवलं नाही’ म्हणून रुग्ण पुन्हा येतच नाही. गळतीचं हे कारण पूर्णपणे आपल्या हातात आहे.

फोन नंबर घेताना तीन गोष्टी विचाराव्या : फोन कोण उचलतं, कधी केलेला चालेल, आणि कोणतं वाक्य बोलायचं. ‘रक्ताचा रिपोर्ट घ्यायला या’ हे बहुतेकांना चालतं. विभागाचं नाव कधीच घेऊ नये. नोंदवहीत कोड नंबर, नावांची यादी वेगळ्या कुलपात. भंडारा-गोंदियाच्या रुग्णाची तारीख धानाच्या रोवणीत पडली तर तो येणार नाही, म्हणून प्रोटोकॉलमध्येच दोन आठवडे अलीकडे-पलीकडे अशी मुभा लिहून घेतली. गाडीभाडं द्यायचं असेल तर तेही कमिटीकडून आधीच मंजूर हवं.

सीरमचे दोन छोटे भाग करून एक उणे २० अंशांवर ठेवावा. सहा महिन्यांनी जुना आणि नवा नमुना एकाच दिवशी, एकाच लॉटच्या अँटिजेनने, एकाच हाताने लावावा. एकदा व्हीडीआरएल (आरपीआरसारखीच दुसरी टेस्ट) आणि एकदा आरपीआर असं झालं तर टायटरची तुलना होत नाही. १:३२ वरून १:८ म्हणजे चौपट उतार, तो खरा. १:८ वरून १:४ हा टेस्टचाच फरक असू शकतो, त्याला यश लिहू नये.

उतरलं नाही त्यांच्याकडे परत चौकशी करावी लागते. एचआयव्हीचा रिपोर्ट पाहायचा, जोडीदाराला इंजेक्शन मिळालं का ते विचारायचं. चौपट चढलं असेल तर नवा संसर्ग की उपचार अपुरे, हे बरंचसं जोडीदाराच्या त्या प्रश्नावर ठरतं, आणि उत्तर मिळालं नाही तर तक्त्यात ‘अनिश्चित’ असा वेगळा रकाना ठेवून तिथेच लिहावं.