चिंगीचे नखरे आणि चिंगीचे वजन

चिंगी डोंबिवलीच्या आमच्या घरी आली तेव्हा पूर्ण वाढलेली मांजरी असूनही तिचे वजन अडीच किलोसुद्धा भरत नव्हते, आणि शेजारच्या काकूंपासून वॉचमनपर्यंत सर्वांचे निदान एकच होते: नखरे. मला ते पटत नव्हते, कारण ती वाटीपाशी स्वतःहून येई, वास घेई, ओठ चाटे आणि तोंड फिरवून निघून जाई. खायची इच्छा असूनही वाटीपासून मागे फिरणाऱ्या मांजराला बरेचदा मळमळत असते किंवा त्याच्या तोंडात दुखत असते. चिंगीच्या हिरड्या सुजल्या होत्या आणि मागची एक दाढ किडल्यासारखी खराब झाली होती; ती काढल्यावर आणि जंतांचे औषध झाल्यावर निम्मे नखरे आपोआप संपले. म्हणून बारीक मांजरासाठी नवे खाणे शोधण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यावे, आणि मांजर वयस्क असेल तर मूत्रपिंड आणि थायरॉइडसाठी रक्ततपासणीही करावी. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर थायरॉइडची शंका विशेष घ्यावी लागते.

मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर «भूक लागली की खाईल» असे म्हणून थांबू नये. उपाशी मांजराच्या शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि काही दिवसांतच यकृत निकामी होण्याची वेळ येऊ शकते. हा धोका लठ्ठ मांजरांना अधिक असला, तरी बारीक मांजराकडे मुळात शिल्लकच कमी असते.

उरलेल्या निम्म्या नखऱ्यांचे कारण वास हे होते. मांजर खाण्याची पारख मुख्यतः नाकाने करते, त्यामुळे सर्दीने नाक चोंदलेले मांजर आवडीच्या माशालाही तोंड लावत नाही, आणि फ्रिजमधून काढलेल्या थंडगार खाण्याला वासच येत नसल्याने तेही तसेच पडून राहते. आम्ही वाटी गरम पाण्यात ठेवून खाणे अंगाच्या उबेइतके कोमट करतो. वर मीठ न लावलेला सुका जवळा कोरडाच भाजून त्याची चिमूटभर पूड भुरभुरतो. ही युक्ती सासूबाईंची, आणि बाजारातल्या महागड्या खाऊपेक्षा ती सरस ठरली आहे.

दूध-पोळीबद्दल मात्र सासूबाईंशी माझे एकमत झालेले नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, गोड चव तर मांजरांना कळतच नाही, आणि पोळीने पोट भरले तरी मांजरासारख्या मांसाहारी प्राण्याला लागणारे टॉरिन (मांस-मासळीत असणारे एक पोषकद्रव्य) त्यातून मिळत नाही. टॉरिन कमी पडले की मांजराचे हृदय आणि दृष्टी दोन्ही बिघडतात. उकडलेले चिकन चांगले, पण टॉरिन पाण्यात उतरते म्हणून ते पाणीही वाटीत घालावे. आणि नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम पुरेसे नसल्याने रोजचा आहार तेवढ्यावर भागवू नये. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देण्याची सवय अनेक घरांत असते, ती मोडलेली बरी, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात.

वजन वाढवायचे तर थोडा हिशेब करावा लागतो. साडेतीन किलोच्या मांजराला दिवसाला ढोबळमानाने 200 ते 220 किलोकॅलरी लागतात. ओल्या खाण्याच्या पाकिटात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते, त्यामुळे एका छोट्या पाकिटावर दिवस काढणारे मांजर उपाशीच राहते, मग ते पाकीट कितीही चाटूनपुसून संपवलेले असो. कोरड्या दाण्यांच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 किलोकॅलरी असतात. चिंगीला आम्ही दोन्ही देतो, आणि नवा ब्रँड आणला तर जुन्यात थोडा थोडा मिसळून आठ-दहा दिवसांत बदल पुरा करतो. मांजर निसर्गतः दिवसभरात अनेकदा थोडे थोडे खाणारे असल्यामुळे दोन मोठ्या वेळांऐवजी पाच-सहा छोट्या वेळा ठेवल्या आहेत. तिची वाटी उथळ आणि पसरट असून मलमूत्राच्या ट्रेपासून लांब, आमच्या दांडगट बोक्याच्या नजरेआड, स्वयंपाकघराच्या ओट्यावर असते (याला घरातून विरोध झाला, तो मोडून काढला).

जबरदस्तीने तोंडात घास कोंबणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण मळमळत असताना भरवलेल्या पदार्थाची मांजराला कायमची शिसारी बसू शकते. भूक वाढवणारी औषधे मांजरांसाठी आहेत, परंतु ती डॉक्टरांनी कारण शोधल्यावरच द्यावीत.

वजन पाहण्यासाठी माणसांचा काटा फारसा उपयोगाचा नाही; शंभर ग्रॅमचा फरक त्यावर कळत नाही. आम्ही लहान बाळांचा काटा घेतला असून चिंगीला टोपलीत बसवून दर रविवारी तिचे वजन वहीत लिहितो. तीन किलोचा आकडा तिने ओलांडला आहे, कण्याची हाडे आता हाताला टोचत नाहीत, आणि बांगड्याला ती अजूनही तोंड लावत नाही.