तुम्ही विचारलंत म्हणून: पावसात लाकडी डेक टिकतो का?

आमच्या बावधनच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडतो, तीन टप्प्यांत खाली उतरत गेलेला लाकडी डेक बघतो आणि दोन मिनिटांत विचारतो, "छान आहे हो, पण पावसात टिकतं का हे?" काही जण पुढे जाऊन सांगतात, "सरळ फरशी घालायची ना." गेली काही वर्षं मी याचं तुटक तुटक उत्तर देत आले आहे. आज सविस्तर लिहिते, कारण विचारणाऱ्यांपैकी दोघं-तिघं आता स्वतः डेक करायला निघाले आहेत, आणि आमची चूक त्यांच्याकडून व्हायला नको.

टिकतं. आत्ताच्या डेकने सहा पावसाळे काढले आहेत. पण त्याच्या आधी आम्ही एक डेक बांधला होता आणि तो दीड वर्षात उखडून टाकावा लागला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पहिल्या डेकमध्येच आहे.

आधी जागा सांगते. घरामागची जमीन रामनदीच्या बाजूला उतरत जाते. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत चोवीस फूट अंतर आणि तेवढ्यात साडेचार फुटांचा उतार. फरशी घालायची तर खाली भिंत उभारून भराव टाकावा लागला असता. मधोमध जांभळाचं जुनं झाड आहे. खोडाभोवती तीन फूट माती चढवली की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू मरतं. शिवाय जुलैत वरच्या बाजूचं सगळं पाणी याच उतारावरून खाली जातं. त्याच्या वाटेत भिंत घालणं मला पटेना. म्हणून ठरलं, की जमीन आहे तशी ठेवायची आणि आपण तिच्यावरून पायरीपायरीने उतरायचं.

पहिलं काम एका ठेकेदाराला दिलं. त्याने जमिनीवर सपाट काँक्रीट ओतलं, लाकडी खांबांचे पाय त्याच काँक्रीटमध्ये गाडले आणि वर फळ्या हॉलच्या फ्लोअरिंगसारख्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या. मे महिन्यात तो डेक इतका देखणा दिसत होता, की मी फोटो काढून माहेरी पाठवले. जूनच्या अखेरीस फळ्या फुगायला लागल्या. बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून त्या वर उचलल्या. काही मधोमध खोलगट होऊन पन्हळीसारख्या झाल्या, स्क्रू उपटून आले. खालच्या काँक्रीटवर पाणी साचलं आणि बंद ट्रंकेसारखा कुबट वास घरात यायला लागला. स्वच्छ साचलेलं पाणी आठ-दहा दिवस राहिलं तरी डेंग्यूच्या डासाला पुरतं, आणि आमच्याकडे ते महिनाभर होतं. सप्टेंबरात एका खांबावर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी वर चढलेली दिसली. वाळवी. पुढच्या पावसाळ्यानंतर मी त्या खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, तर भिजलेल्या खारी बिस्किटात जावा तसा तो दोन इंच आत गेला.

ठेकेदार म्हणाला, लाकूडच खराब निघालं. मी ते खरं मानलं होतं. मग एका ओळखीतून वयस्कर सुतारकाका आले. त्यांनी तोच खांब जमिनीपासून फूटभर वर कापला आणि कापलेला तुकडा माझ्या हातात दिला. आतून तो खणखणीत होता. "ताई, लाकडाचा काही दोष नाही. त्याला वाळायला जागाच ठेवली नाही कुणी."

मग जांभळाच्या झाडाकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की पूर्वी विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायचे आणि ते वर्षानुवर्षं पाण्याखाली राहायचं. मला तेव्हा पहिल्यांदा सगळं समजलं. कायम बुडालेलं लाकूड टिकतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला तिथे हवा मिळत नाही. कायम कोरडं लाकूड टिकतं, कारण तिला पाणी मिळत नाही. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर गेला आणि तसाच रेंगाळला, सोबत हवाही असली, की बुरशीचं फावतं. जमिनीतून बाहेर येणाऱ्या खांबाचा टाचेचा भाग नेमका या अवस्थेत असतो. म्हणून खांब वर शाबूत राहतो आणि बुडाशी जातो.

माझं माहेर चिपळूणचं. तिथल्या पावसापुढे पुण्याचा वर्षाचा 700-750 मिलिमीटर पाऊस म्हणजे फार काही नाही. तरी लाकडाच्या बाबतीत पुणं मला जास्त अवघड वाटतं. कोकणात हवा बाराही महिने दमट, त्यामुळे लाकूड एकदा जे फुगतं ते फारसं हलत नाही. इथे एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, धुतलेली चादर तासाभरात कडक वाळते. तीच चादर ऑगस्टमध्ये दोन दिवस दोरीवर ओलसर राहते. लाकूडही त्या चादरीसारखंच वागतं. साधारण सहा इंच रुंदीची सागवानी फळी या दोन टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होते. एका फळीचं हे एवढंसंच, पण वीस फळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या तर दोन इंच लाकूड कुठे जाणार? आमच्याकडे ते वर गेलं.

दुसऱ्या वेळी लाकूड आणायला काका मला भवानी पेठेत टिंबर मार्केटला घेऊन गेले. नवा बल्लारशाचा साग बघितला, पण शेवटी घेतला तो पाडलेल्या वाड्यांचा जुना साग. तुळया, कड्या, तक्तपोशीच्या म्हणजे लाकडी छताच्या फळ्या एकावर एक रचलेल्या होत्या. एका तुळईवर कुणीतरी कधीकाळी टांगलेल्या पाळण्याच्या कड्या तशाच होत्या. मला तिथे उभं राहून फार भरून आलं. या शहरात वाडे पडतात ते मी रोज बघते, पण त्यांची लाकडं अशी उघडी पडलेली बघणं वेगळं. काकांनी एकेक नग वाजवून निवडला. ज्याच्या कडेला पांढरट पट्टा होता तो बाजूला काढला. तो सालीलगतचा भाग, वाळवी आणि बुरशी आधी तिथेच लागते. गाभ्याचं लाकूड तेवढं घेतलं. प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवला, कारण आत तुटलेला घडीव खिळा राहिला तर रंध्याचं पातं जातं.

त्याच वखारीत कोपऱ्यात तळखडे पडले होते. वाड्याचा लाकडी खांब ज्या दगडावर उभा असतो तो हा तळखडा. माझ्या पहिल्या डेकला नेमकं हेच नव्हतं. शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळला आणि दगडी जोती उरली, ती आपण शाळेच्या सहलीत बघितलेली असतात. पण खांबाच्या पायाला माती लागू नये म्हणून मध्ये दगड, या साध्या गोष्टीकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. चार तळखडे आम्ही तिथूनच उचलले.

आता बांधकाम. आमच्याकडे वर काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर ठेवलेलं सगळं हलवते. म्हणून प्रत्येक खांबासाठी मुरूम लागेपर्यंत खणलं. कुठे अडीच फूट, कुठे चार. त्यात काँक्रीटचे पाये भरून ते जमिनीच्या वर सहा इंच आणले. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या बॉक्स पाइपचा केला, लाकडाचा परवडला नसता. वेल्डिंग केलं की त्या जागेवरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक जोड घासून त्यावर झिंकचा रंग दिला. पाइपांची तोंडं बंद केली आणि आत घाम साचू नये म्हणून खालच्या अंगाला बारीक भोकं ठेवली. फॅब्रिकेटरला हे सगळं जास्तीचं वाटत होतं, मी मात्र रोज शेजारी उभी राहिले.

तीन टप्प्यांमध्ये दीड-दीड फुटाचा फरक आहे, आणि प्रत्येक उतरणीला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. यात सासूबाईंचे गुडघे हे मोजमाप होतं. आईंना आम्ही विटा रचून सहा, सात आणि आठ इंच चढून बघायला लावलं होतं. प्रत्येक पायरीच्या कडेला गडद रंगाची पट्टी आहे, कारण संध्याकाळी त्यांना कड दिसत नाही. वरचा टप्पा उंबऱ्यापेक्षा चार इंच खाली आहे आणि घराच्या भिंतीला टेकत नाही, मध्ये इंचभर मोकळी जागा आहे. डेक भिंतीत ठोकला असता तर प्रत्येक बोल्टपाशी भिंतीत ओल उतरली असती.

लोकांना वाटतं टप्पे दिसायला केले. मलाही आधी तसंच वाटायचं. पण वरून पडलेलं पाणी फटींतून खाली उतरतं, खालच्या मुरमावर आणि खडीवर न थांबता उताराने पुढे जातं आणि कुंपणापाशी शोषखड्ड्यात मुरतं. प्रत्येक टप्प्याच्या उभ्या बाजूला आम्ही फळ्या लावून तोंड बंद केलेलं नाही, नुसती जाळी आहे. त्यामुळे नदीकडून येणारा वारा खालून आत शिरतो आणि वरच्या टप्प्यापाशी बाहेर पडतो. भर पावसाळ्यात चार तास उघडीप मिळाली तरी फळ्यांची खालची बाजू हाताला कोरडी लागते.

फळ्या या वेळी चार इंची घेतल्या. अरुंद फळी कमी वाकते. दोन फळ्यांत सहा मिलिमीटरची फट, पाइप आणि फळी यांच्यामध्ये रबराची पट्टी. स्क्रू 304 स्टेनलेस स्टीलचे, आधी भोक पाडून मग बसवलेले. साध्या लोखंडी स्क्रूभोवती ओल्या सागावर काळे डाग पडतात आणि डोकं गंजून तुटतं. फळीची कापलेली टोकं हा सगळ्यात नाजूक भाग. झाड ज्या नळ्यांनी पाणी वर ओढत असतं त्याच तिथे उघड्या असतात, त्यामुळे टोकाकडून पाणी अंगापेक्षा कितीतरी वेगाने आत जातं. प्रत्येक टोकाला तेलाचे तीन हात दिलेत. जांभळाच्या खोडाभोवती चार इंचांची मोकळी गोल जागा ठेवली आहे, वाऱ्यात झाड डोलतं आणि वाढतंही. वरच्या टप्प्यावरच्या मांडवाचे चार खांब त्या तळखड्यांवर उभे आहेत.

पॉलिशबद्दल बरेच जण विचारतात. चकचकीत थराचं पॉलिश बाहेर लावू नका. उन्हाने त्याला तडे जातात, तड्यातून पाणी आत जातं आणि त्याच थरामुळे बाहेर येऊ शकत नाही. आत मुरणारं तेल बरं, पण नुसतं बेलतेल (जवसाचं उकळलेलं तेल) नको, दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. बुरशीरोधक घातलेलं बाहेरच्या लाकडाचं तेल मिळतं, ते आम्ही वर्षातून दोनदा लावतो. एकदा वळवाच्या आधी, एकदा ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अशी फडकी आपोआप तापतात आणि पेटतात. मोकळी पसरून वाळवा, मग टाका.

प्लॅस्टिक मिसळलेल्या तयार फळ्यांचाही विचार केला होता. एका ओळखीच्यांच्या गच्चीवर मे महिन्यात अनवाणी पाऊल ठेवलं आणि विचार सोडून दिला.

निगा म्हणाल तर जूनमध्ये जांभळं पडतात, ती त्याच दिवशी झाडायची. जुलै-ऑगस्टमध्ये सावलीतल्या मधल्या टप्प्यावर शेवाळ धरतं, ते दर रविवारी ओल्या खराट्याने रेषेच्या दिशेने घासायचं. फटींत पानं अडकली की जुन्या सुरीने काढायची, कारण अडकलेलं पान म्हणजे तिथे ओल. आई हे काम खुर्चीत बसून काठीच्या टोकाने करतात आणि ते त्यांनी कुणाला करू दिलेलं नाही. पाऊस नुसता भुरभुरत असला तर त्या मांडवाखाली वरच्या टप्प्यावर असतात, उघडला की जांभळाखाली. चिपळूणच्या पडवीत माझी आजी अशीच पावसाच्या अंतरावरून आपली जागा ठरवायची.

खर्च किती, हेही विचारता. एकूण पैशांतले जवळपास निम्मे खणणं, पाये, मुरूम, खडी आणि शोषखड्डा यांत गेले, म्हणजे वरून जे दिसत नाही त्यात. तिथे काटकसर करू नका, हवं तर एक टप्पा कमी बांधा.

मधल्या टप्प्यावर दोन फुटी झाकण ठेवलं आहे. मेच्या शेवटी आणि दिवाळीआधी मी ते उघडून टॉर्च घेऊन आत डोकावते. काँक्रीटच्या पायांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का, कुठला जोड गंजलाय का, पाणी कुठे थांबतंय का. तुम्हाला बघायचं असेल तर सकाळी आठच्या सुमाराला या. तेव्हा ऊन जाळीतून तिरपं आत येतं आणि टॉर्चशिवाय सगळं दिसतं.