सायलेन्सरच्या तोंडावरची काजळी

गाडी धुवून झाली की मी दोन पावलं मागे सरकून बघतो. त्या दिवशी सगळं चकाचक, आणि मागे सायलेन्सरची दोन्ही तोंडं मात्र चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी. शाम्पूच्या पाण्याने फक्त वरची धूळ गेली. खालचा थर तेलकट, तापून तापून भाजलेला; पाणी त्यावरून नुसतं ओघळत होतं.

मग मी शहाणपणा केला. भांडी घासायची तारेची घासणी घेतली आणि उजव्या नळीवर जोर काढला. काजळी थोडीशी निघाली, पण स्टीलवर वेड्यावाकड्या रेघोट्या उठल्या. हात तिथेच थांबला. ओव्हन क्लीनर वापरायचाही मोह झाला होता, पण त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो अॅल्युमिनियम खातो, बंपरवर उडाला तर रंगही जातो. ते नको.

डावीकडे रीत बदलली. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, बंपरच्या कडेला मास्किंग टेप लावली आणि डब्ल्यूडी-४० (चिकटलेली घाण सैल करणारा तेलकट स्प्रे) भरपूर मारून अर्धा तास सोडून दिलं. ही वाट बघणंच मला सगळ्यात जड गेलं. परत येऊन जुन्या टूथब्रशने घासलं तर काळा चिखल सुटायला लागला! पुसलं, पुन्हा मारलं, पुन्हा थांबलो. तिसऱ्या वेळी धातू दिसला. उरलेले हट्टी ठिपके ०००० नंबरच्या स्टील वूलने, म्हणजे केसांसारख्या बारीक पोलादी तारांच्या बोळ्याने गेले. हे सगळ्यात बारीक असतं, तरी तेल लावूनच आणि हलक्या हाताने फिरवायचं. काळ्या रंगाचं किंवा कोटिंगचं तोंड असेल तर तेही नको. क्रोमसाठी ओल्या फॉइलचा बोळा बरा, कारण अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं.

आतल्या बाजूला बोटं पोचतात तेवढंच साफ केलं. त्यापुढे बघतंय कोण? हातमोजे मात्र घालाच. मी घातले नव्हते, नखांत दोन दिवस काजळी होती.

शेवटी मेटल पॉलिश. कापड काळं येतंय म्हणून मी घासतच राहिलो, अजून काजळी आहे असं समजून. नंतर लक्षात आलं, पॉलिश धातूवर काम करतं तेव्हा कापड काळं होतंच. बराच वेळ उगाच घासलं. वरून वॅक्सचा एक हात दिला, म्हणजे पुढची काजळी नुसत्या शाम्पूने निघावी.

आठवड्याने आत बोट फिरवून बघितलं. काळं लागलं, पण कोरडं, भुकटीसारखं. चिकट, तेलकट लागलं असतं तर इंजिन ऑइल जाळतंय की काय, ही शंका आली असती. माझं पेट्रोल इंजिन, फेऱ्याही जवळच्या. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, काजळी धरणारच. तरी एअर फिल्टर काढून बघितला आणि बदलला.

उजव्या नळीवरच्या रेघोट्या अजून आहेत. तिरपं ऊन पडलं की बरोबर दिसतात.