दसऱ्यानंतरचे मोडाचे बटाटे

आमच्या गल्लीतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पावसाळ्यात एक फोटो ठरलेला असतो. टोपलीत मागे राहिलेला, चारी बाजूंनी मोड फुटलेला बटाटा आणि खाली प्रश्न: "लावू काय गं कुंडीत?" माझं उत्तरही ठरलेलं. आत्ता नको, दसरा होऊ दे. त्यावरून माझी चेष्टा होते, बटाटा लावायला पण मुहूर्त बघतीस होय म्हणून. बघते की. कोल्हापुरात तरी बघावाच लागतो.

मोड आले म्हणजे लावायची वेळ झाली असं सगळे धरून चालतात. पण मोड येणं हा बटाट्याच्या आतला मामला आहे. काढणीनंतर काही आठवडे तो सुप्तावस्थेत असतो, ती मुदत संपली आणि जरा ऊब मिळाली की डोळे फुटतात, मग बाहेर वैशाख असो नाहीतर आषाढ. मातीखाली बटाटे धरायचे की नाही हे मात्र हवा ठरवते. त्यासाठी रात्री थंड लागतात, साधारण १५ ते २० अंशांच्या. रात्री उकडत असेल तर पाला दणकून वाढतो आणि खाली हाताला काही लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये हौसेने कुंड्या भरणाऱ्यांची तक्रार नेमकी हीच असते.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली, अशा बातम्या ज्या दिवसांत येतात, त्या दिवसांत गच्चीवरच्या कुंडीतली माती आठवडा-आठवडा वाळत नाही. त्यात कापलेला बटाटा घातला की तो कुजणारच. त्यातूनही उगवला तर पानं जाळणारा करपा रोग टपलेला असतो. आता कुणी म्हणेल, खेड-आंबेगावला, खटावला तर खरिपातच बटाटा करतात. करतात, आणि चांगला करतात. पण तिकडचा पाऊस बेताचा, पाणी निचरून जातं. आपल्याकडच्या धारेत ते जमत नाही.

मग दसराच का? नवरात्रात कोल्हापुरात उपवास नाही असं घर विरळा. आमच्याकडे आत्तींचे नऊ दिवस कडक असतात, म्हणून कपिलतीर्थ मंडईतून बटाटे नेहमीपेक्षा जास्तच येतात. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटेपर्यंत बटाट्याचा कीस, बटाट्याची भाजी, पापड सगळं उत्साहात चालतं. नंतर खाणारेच कंटाळतात. दसऱ्याला सोनं वाटून झालं की टोपलीच्या तळाशी किलोभर तरी बटाटे उरलेले असतात.

हे उरलेले बटाटे बहुतेक करून उत्तरेतले. तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते आणि माल थेट कोल्ड स्टोरेजला जातो, २ ते ४ अंशांत. तिथे मोड दबून राहतात, पण त्या थंडीत पिठाची थोडी थोडी साखर होत जाते. म्हणूनच या दिवसांतली भाजी गोडसर लागते आणि काप तळले की पटकन लाल होतात. बिचाऱ्या तेलाला नावं ठेवू नयेत. सुप्तावस्था तर केव्हाच संपलेली असते, नुसती थंडीने अडवून धरलेली. आमच्या ओट्याखालच्या उबेत आला की हा बटाटा भराभर फुटतो. आणि नेमकी तेव्हाच बाहेरची हवा पालटायला लागलेली असते. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरची रात्र पंधरा अंशांच्या आसपास उतरते. ऑक्टोबर संपता संपता लावलेल्या झाडाला ऐन बटाटे धरायच्या वेळी थंडी मिळते. असा मेळ वर्षात दुसऱ्यांदा बसत नाही.

काही बटाट्यांचे डोळे फुटतच नाहीत, महिना झाला तरी गुळगुळीत. साठवणीत मोड येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी दिलेला माल असू शकतो. त्याची वाट बघत बसू नका, भाजी करा.

अंधारात आलेला मोड पांढरा, लांब आणि इतका ठिसूळ की टोपली हलवली तरी मोडतो. तो चांगला नव्हे. म्हणून मी बटाटे अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, जास्त डोळे असलेलं टोक वर करून, ऊन येणार नाही पण उजेड येईल अशा खिडकीत ठेवते. मग मोड वाढायचा थांबतो आणि जाड होत जातो. बुडाशी जांभळट रंग चढतो, त्यावर बारीक लव दिसते, आणि नीट बघितलं तर अगदी तळाला मोहरीपेक्षाही लहान पांढरे ठिपके उठलेले असतात. मुळं तिथूनच निघणार. एवढं दिसलं की बटाटा तयार.

लिंबापेक्षा थोडा मोठा असेल तर अख्खाच लावावा. मोठा असेल तर प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे येतील असा कापायचा आणि फोडी दोन दिवस सावलीत पसरून ठेवायच्या, कापलेल्या बाजूवर कोरडी पापडी धरेपर्यंत. आत्ती त्यावर चुलीची राख चोळतात. मी अडवत नाही.

मी कुंडीऐवजी पोत्यात लावते. पोतं आमचं पेंडीचं. भावाच्या गोठ्यावरून येतं, पन्हाळ्याच्या बाजूला. बुडाला आणि कडेने भोकं पाडायची, काठ खाली दुमडत निम्म्यावर आणायचा. मातीबाबत मी जरा हट्टी आहे. नुसती काळी माती घालू नका. ती पाणी धरून बसते, वाळली की दगड होते आणि बटाटे वेडेवाकडे येतात. नदीकाठचा पोयटा, साखर कारखान्याच्या मळीचं कुजलेलं खत आणि कुजवलेलं पाचट मिसळलं की माती मुठीत धरली तरी मोकळी राहते. उसाच्या जिल्ह्यात राहून या दोन गोष्टी पैसे देऊन ऑनलाइन मागवणाऱ्यांना मी काय बोलू? तळाला वीतभर माती, त्यावर मोड वर करून दोन-तीन फोडी, वर चार बोटं माती. रोप वीतभर झालं की भर द्यायची, म्हणजे खोडाभोवती आणखी माती घालायची, काठ उलगडत जायचा, शेंडा उघडा ठेवायचा.

भर कशासाठी यावर इंटरनेटने भलताच गोंधळ घातलाय. बादलीत थरावर थर माती घातली की थराथराला बटाटे लागतात, असं दाखवणारे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. बटाटा म्हणजे मूळ नाही, खोडच आहे. जमिनीखालच्या खोडातून पांढरे दोरे आडवे निघतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बटाट्यांना हे दोरे मुख्यतः लावलेल्या फोडीच्या आसपासच येतात, उंची वाढवून मजले चढत नाहीत. भर हवी ती बटाटे उजेडापासून झाकायला.

उजेड लागला की बटाटा हिरवा होतो. हिरवा रंग साधा हरितद्रव्याचा, पण त्याच्यासोबत सोलॅनिन वाढतं, आणि ते विषारी. उकडून ते जात नाही. मोडांत आणि पाल्यातही ते असतं. झाडाला फुलांनंतर टोमॅटोसारखी बारकी फळं धरली तर ती पोरांच्या हाती लागू देऊ नका. यावरून आमच्या घरात दर वर्षी एकदा वाजतंच.

"मोड खुडायचे आन् रस्सा करायचा, त्यात काय हाय?" आत्ती.

"आत्ती, घट्ट असला तर करा की, डोळा खोल काढून. ह्यो हिरवा झालाय बघा, आन् सुरकुतलाय पण."

"आमच्या वक्ताला न्हवतं असलं काय."

शेवटी तो हिरवा बटाटा पोत्यात जातो. लावायला हिरवा चालतो, त्याला काही होत नाही.

पुढचं काम थोडं आहे. माती ओलसर ठेवायची, चिखल नाही. पानांच्या मागे मावा दिसला तर लगेच धुऊन काढायचा, कारण विषाणू पसरवतो तोच. साधारण तीन महिन्यांत पाला पिवळा पडून आडवा होतो; तसं दिसायला लागलं की पाणी तोडायचं आणि साल पक्की व्हायला आठ-दहा दिवस द्यायचे. पण मला तेवढा धीर नसतो. भोगीला पोत्याच्या कडेने हात घालून चाचपते आणि मिळतील तेवढे गोटीएवढे बटाटे अलगद तोडून घेते, रोपाला कळू न देता. वांगं, गाजर, ओला हरभरा, घेवड्याच्या सोबतीला ते न सोलताच पडतात. अंगठ्याने चोळलं तर साल निघते, इतकी कोवळी.

एका पोत्यातून किलो-सव्वा किलो निघतो. बाजारभावाशी हिशोब घालू नका, घातलात तर पुढच्या वर्षी पोतं धरणार नाही.

आत्तींना यातले बारके बियाण्याला ठेवायचे असतात. मी ठेवू देत नाही. एकतर विषाणू बटाट्यातूनच पुढच्या पिकात उतरतो आणि वर्षागणिक साठत जातो. शेतकरीसुद्धा उगाच पंजाबातून, जालंधरकडून नवं बियाणं आणत नाहीत. दुसरं म्हणजे जानेवारीतला बटाटा कोल्हापूरचा उन्हाळा काढून दसऱ्यापर्यंत टिकणार कुठे? आमच्याकडे काय कोल्ड स्टोरेज नाही. तेव्हा बारके धुवायचे, सालीसकट तेलात झाकून परतायचे, मऊ झाले की कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याचं कूट टाकायचं. कुकरला लावू नका, फुटून लगदा होतो.