तुरळचा वायू: चोर तोटीतच निघाला

गंधकाचं कोडं सुटलं एकदाचं! गेल्या दोन्ही खेपांचं रडगाणं हेच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडाकाठी कुजक्या अंड्याचा वास, बुडबुड्यांवर धरलेला लेड ॲसिटेटचा (गंधकाच्या वायूने काळवंडणारा) कागद मिनिटभरात तपकिरी; आणि डिचोलीत घरी तो वायू भरून आणलेली बाटली उघडली की तोच कागद पांढराशुभ्र. त्या वासाचा गंधकयुक्त वायू, हायड्रोजन सल्फाइड, जातो कुठे?

आधी संशय बाटलीतल्या उरलेल्या पाण्यावर. २० अंशांना १ लिटर पाणी हा वायू अडीच लिटर रिचवतं. कुंडात पाणी ६० च्या आसपास, घरी येईस्तोवर निवलेलं, म्हणजे भूक आणखी वाढलेली. म्हणून या खेपेला फनेल उपडं धरून चमचाभर पाणी उरेपर्यंत वायू भरला. तासभर उकिडवं बसून गुडघे गेले. तरीही शून्य.

रविवारी वैतागून बुचातली तोटी खोलली. आत काळीकुट्ट! कानशीने घासली तर खाली पिवळंधमक पितळ. स्टेनलेस म्हणून तिप्पट पैसे घेतले विकणाऱ्याने, वर नुसता मुलामा. पितळेतल्या तांब्याने गंधक गिळलं आणि मी महिनोन्महिने वायू ओळखणाऱ्या सेन्सरला शिव्या घातल्या. खरं तर तुरळला याच वायूने बायकोची चांदीची पैंजणं काळवंडली, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण तेव्हा मी बोलणी खात होतो.

बाकी वायूची मजा वेगळीच. पानाच्या चुन्याच्या निवळीतून सोडला, निवळी तशीच नितळ. नळीतून फुंकर घातली, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने लगेच दुधाळ. पेटती काडी बाटलीत जाताच विझली. म्हणजे ऑक्सिजन जळण्यापुरताही नाही, कार्बन डायऑक्साइडही नगण्य. उरतो तो मुख्यतः नायट्रोजन. पावसाच्या पाण्याबरोबर हवा खाली जाते, वाटेत ऑक्सिजन खडक खातात, नायट्रोजन तेवढा परत वर येतो. त्यातला हेलियम मात्र खडकांतल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारी क्षयातून आलेला, पण तो मोजणं आपल्या आवाक्याबाहेर.

आता काचेची तोटी मागवणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं, वायू इथवर वाहून आणायचाच कशाला? कुंडावरच झिंक ॲसिटेटच्या द्रावणातून बुडबुडे सोडायचे. झिंक सल्फाइडचा पांढरा साका बसेल, तो घरी आणून आयोडीनने मोजायचा. तोटीची ऑर्डर रद्द.

पणजीत किंवा म्हापशात झिंक ॲसिटेट सुटं कोण देतं? अर्ध्या किलोचा डबा नको, ५० ग्रॅम पुरे.